वन्संची जीभ

वहिनींचा चहाचा धंदा काही ठरवून सुरू झाला नव्हता. त्यांच्या यजमानांच्या, म्हणजे दादांच्या, कचेरीतले एक साहेब निवृत्त झाले, तेव्हा त्यांनी सगळ्यांना ग्रीन टीचा एकेक डबा भेट दिला. घरी दोघांनी एकदा तो करून पाहिला, तोंडं वाकडी केली आणि डबा फडताळात मागे सारून दिला. दादा पाणीखात्यात होते. दारोदार फिरून मीटरवरचे आकडे टिपून आणायचे, हे त्यांचं काम. त्या उन्हाळ्यात ते रोज दुपारी लालबुंद चेहऱ्याने घरी यायला लागले आणि वहिनींना तो डबा आठवला. टाकून द्यायचं त्यांच्या जिवावर आलं होतंच. त्यांनी चहात साखर घातली, लिंबाची साल किसून टाकली, पुदिन्याची पानं चुरडली, गार केला आणि बाटलीत भरून दादांच्या पिशवीत ठेवला.

संध्याकाळी दादा रिकामी बाटली घेऊन आले. "निम्मा मी प्यायलो, निम्मा शिवणवर्गाच्या बाईंनी. उद्या दोन बाटल्या आणा म्हणाल्यात."

"फुकट?"

"नाही गं, विकत." सांगताना दादांनाच नवल वाटत होतं.

शिवणवर्गामागून चष्म्याचं दुकान आलं, मग दातांचा दवाखाना, मग झेरॉक्सवाला. दादांच्या स्कूटरला मागे पेटी लागली. कामावर जाता जाता ते बाटल्या पोचवायचे आणि येताना रिकाम्या आणायचे. गल्लीत सगळे वहिनींना वहिनीच म्हणत, त्यामुळे चहालाही वेगळं नाव शोधावं लागलं नाही. तो झाला 'वहिनींचा चहा'.

वहिनी पहाटे उठायच्या. पाणी उकळू द्यायचं नाही, पातेल्याच्या तळाशी बारीक बुडबुडे धरले की गॅस बंद. पानं टाकून झाकण ठेवायचं आणि तिथून हलायचं नाही, कारण नजर चुकली की चहा कडू झालाच म्हणून समजा. मलमलच्या फडक्यातून गाळायचा, पाक घालायचा, परातीत गार पाणी घेऊन त्यात पातेलं ठेवायचं, आणि मग उकळून वाळवलेल्या बाटल्यांत नरसाळ्याने भरायचा. मापबीप काही नव्हतं. पानं कधी जून येत, कधी कोवळी; लिंबं कधी रसाळ, कधी नुसतीच साल. चमचा जिभेला लावला की वहिनींना कळायचं काय कमी आहे ते. आयुष्यात एवढ्या खात्रीने त्यांना दुसरं काहीच कळलं नव्हतं. पोरं लहान असताना, सासरी, माहेरी, सगळीकडे त्या 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणत आल्या होत्या. मुलं मोठी होऊन दूर गेली. आता स्वयंपाकघरात पहाटे त्या एकट्या असत आणि चमचा म्हणेल तसं होई.

दुसऱ्या उन्हाळ्यात वन्सं आल्या.

वन्सं म्हणजे दादांची धाकटी बहीण. पन्नाशी उलटली तरी दादा तिला 'छोटे' अशीच हाक मारत. लग्न केलं नव्हतं. एका छापखान्यात मुद्रितं तपासण्याचं काम त्यांनी उभा जन्म केलं. लोकांनी लिहिलेलं वाचायचं आणि चुका काढायच्या. छापखाना बंद पडला, राहती खोली छापखान्याचीच होती, तीही गेली. "दुसरी जागा मिळेपर्यंत राहते," असं म्हणून त्या शब्दकोशांनी भरलेली ट्रंक घेऊन मधल्या खोलीत मुक्कामाला आल्या.

चुका काढायची सवय काही छापखान्याबरोबर बंद पडली नाही. दाराची कडी उलटी बसवलीय, कॅलेंडर वाकडं आहे, दादाच्या शर्टाचं तिसरं बटण वेगळ्या रंगाचं आहे. वहिनी हसून सोडून देत. पण पहिल्याच आठवड्यात वन्सं बाटलीवरची चिठ्ठी वाचायला लागल्या.

"'वहिनींचा गोड हिरवा चहा'. यात हिरवं काय आहे? पिवळाय हा."

"नाव आहे ते, वन्सं. ग्रीन टी म्हणतात ना."

"नाव आहे म्हणून चूक बरोबर ठरते का?"

"पिऊन तर बघा."

वन्सं चहा प्यायच्या तो कोरा, बिनसाखरेचा, काळाकुट्ट. त्यांनी एक घोट घेतला, तोंडात फिरवला आणि पेला खाली ठेवला. "साखरपाणी आहे हे. चहा आपला पोहायला उतरला आणि बुडाला बिचारा."

दादा खो खो हसले. वहिनीही हसल्या, पण त्या दिवशी भांडी जरा जास्त वाजली. पुन्हा त्यांनी वन्संना चहा पाजला नाही. पहाटे स्वयंपाकघराचं दार मात्र आतून लोटून घेऊ लागल्या.

पावसाळ्यात गार चहाला कोण विचारतो? बाटल्या तशाच परत यायला लागल्या. साखर पाघळली, मुंग्या झाल्या, चिठ्ठ्यांवरची शाई ओघळून चहाचं नाव कुणालाच वाचता येईना. वहिनींनी आलं घालून गरम चहा करून बघितला आणि थर्मासमधून पाठवला. शिवणवर्गातल्या मुलींना तो इतका आवडला की बाईंनी दुपारचाही एक थर्मास सांगितला. वन्संना काही काम हवंच होतं. त्या पुढच्या खोलीत बसून न पुसणाऱ्या शाईने नव्या चिठ्ठ्या लिहीत. अक्षर असं की छापल्यासारखं वाटावं. 'हिरवा' हा शब्द त्यांनी परस्पर गाळून टाकला होता. वहिनींनी तेवढं चालवून घेतलं. असा पावसाळा निभला.

थंडी पडली आणि वहिनींना ताप आला. साधाच, सर्दी-खोकल्याचा. अंथरुणातून उठल्या त्या दिवशी त्यांनी सवयीने आल्याचा तुकडा तोंडात टाकला आणि चावत राहिल्या. बटाट्याचा तुकडा चघळावा तसं लागलं. त्यांनी लिंबाची साल नाकाशी धरली. काही नाही. साबण, कापूर, दादांचा डोक्याला लावायचा बाम, सगळं हुंगून झालं. नाकात हवा जात होती, तेवढीच. जिभेच्या टोकाला गोड आणि खारट कुठेतरी लांबून ऐकू यावं तसं कळत होतं; पण चहाचं जे होतं ते काहीच नव्हतं. गरम पाणी आणि गार पाणी.

सर्दी उतरली की येईल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. सर्दी उतरली. चव आली नाही.

कुणाला सांगायचं? दादांना सांगितलं तर ते म्हणणार, 'मग राहू दे ना चहा, विश्रांती घे.' आणि वन्सं काय म्हणतील, ते वहिनी भांडी घासताना मनातल्या मनात त्यांच्याच आवाजात ऐकत. म्हणून त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. आठवून आठवून चहा करू लागल्या. एवढं पाणी म्हणजे ओंजळभर पानं, दोन पळ्या पाक. चमचा जिभेला लावायच्या, मान हलवायच्या, जणू कळलं. दारामागे कुणी बघत नव्हतं तरी मान हलवायच्या.

"कसा झालाय?" त्या दादांना विचारत. याआधी कधी विचारलं नव्हतं.

"छान. नेहमीसारखा," दादा म्हणत आणि पेला रिकामा करत.

जेवणात त्यांचं लक्ष लागेना. ताटातलं सगळं एकाच कागदाचं केल्यासारखं वाटे. त्या वाळत चालल्या, चिडक्या झाल्या. वन्संनी एकदा भाजीत मीठ नाही म्हटलं, तर वहिनी ताटावरून उठून गेल्या. वन्सं भावाकडे बघत राहिल्या. "मी खोटं बोलले का? नाहीच आहे मीठ." दादा खाली मान घालून जेवत राहिले.

मग एका दुपारी वन्सं मधल्या खोलीत चिठ्ठ्या कापत बसल्या होत्या. वास आला. आधी वाटलं, बाहेर कुणी कचरा पेटवलाय. मग तो वास दाट झाला, डोळे चुरचुरू लागले.

"वहिनी, जळतंय काहीतरी!"

उत्तर नाही. वन्संना वाटलं, वहिनी गच्चीवर गेल्या असणार, गॅस तसाच राहिला असणार. त्या धावत स्वयंपाकघरात गेल्या. वहिनी ओट्यापाशीच होत्या. शेगडीकडे पाठ करून, अर्ध्या उघड्या खिडकीशी नळ सोडून शांतपणे लिंबं धूत होत्या. त्यांच्या मागे पाकाचं पातेलं काळं ठिक्कर पडलं होतं आणि धूर छताला लागला होता.

वन्संनी गॅस बंद केला, फडक्याने पातेलं उचलून मोरीत टाकलं, खिडकी सताड उघडली. सगळं झाल्यावर त्या वळल्या. वहिनी हातात लिंबू धरून तशाच उभ्या होत्या.

"तुला वास नाही आला?"

वहिनींनी मोरीतल्या काळ्या पातेल्याकडे बघितलं.

"वहिनी, तू इथे उभी आहेस. मला तिकडे ठसका लागला. तुला नाही आला वास?"

"नाही."

वन्संचा चेहरा एकदम बदलला. चुकीचा शब्द सापडला की त्या अशाच थांबत, पण या वेळी त्यात जिंकल्याचा भाव नव्हता. "कधीपासून?"

"तापापासून." आणि मग वहिनींना रडूच कोसळलं. त्या खाली बसल्या, पदर तोंडाशी धरला. "काहीच येत नाही हो. चहाचा नाही, कशाचाच नाही. यांचा शर्ट धुवायला घेते तर तोही नुसता कापडाचा तुकडा. मुलगा मध्ये येऊन गेला, जवळ घेतलं त्याला, तर कुणा दुसऱ्याच्याच पोराला घेतल्यासारखं वाटलं. हे कुणाला सांगू मी?"

वन्सं जळक्या वासात, ओल्या फरशीवर, आयुष्यात पहिल्यांदाच वहिनींच्या शेजारी टेकल्या. समजूत कशी घालायची ते त्यांना येत नव्हतं. त्या म्हणाल्या, "आणि चहा?"

"आठवून करते."

"मग एवढे दिवस लोक काय पितायत?"

तेच वहिनींनाही माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी वन्सं कधी नव्हे त्या स्कूटरवर भावाच्या मागे बसल्या. दादा नको नको म्हणत होते. का, ते शिवणवर्गाच्या दारात कळलं.

"अहो, सांगितलं ना तुमच्या भावाला," बाई म्हणाल्या. "कधी नुसता कडू, कधी गोडमिट्ट. मागच्या आठवड्यात तर चक्क आंबला होता. म्हटलं, वहिनींची तब्येत बरी नाही का? तर म्हणाले, सांगतो. आम्ही एकच थर्मास ठेवून घेतो हल्ली. मुली पीत नाहीत."

"आणि उरलेला?" वन्संनी भावाकडे बघितलं.

दादांचे कान लाल झाले. उरलेला चहा ते कचेरीत नेऊन जिन्याखालच्या कुंडीत ओतत होते आणि पैसे आपल्या खिशातून घालत होते. "त्या कुंडीतलं झाडसुद्धा गेलं, छोटे," ते हळूच म्हणाले.

घरी येऊन वन्संनी सगळं सांगून टाकलं. आडपडदा ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. वहिनी ऐकता ऐकता पांढऱ्या पडल्या आणि मग नवऱ्याकडे वळल्या.

"मी रोज विचारत होते तुम्हाला, कसा झालाय म्हणून."

"अगं, तू इतकी वाळलीस. मला वाटलं, तेवढीच एक गोष्ट तुझ्या मनासारखी चाललीय—"

"आंबलेला चहा दिला मी लोकांना! आणि तुम्ही छान म्हणून प्यायलात?"

"प्यायलो ना पण," दादा म्हणाले. ते इतकं केविलवाणं होतं की वन्संना हसू फुटलं. वहिनींना नाही फुटलं. त्या दिवशी त्या नवऱ्याशी बोलल्या नाहीत आणि चहाही केला नाही. रात्री दादांनी स्वतः खिचडी लावली. करपली ती, पण वहिनींना काय, तशीही कळणार नव्हती. वन्संनी मात्र एकही चूक न काढता ती संपवली.

दुसऱ्या दिवशी वहिनी पातळ बदलून निघाल्या. "कुठे?" वन्संनी विचारलं.

"सांगायला. सगळ्यांना जाऊन सांगते. मी नाही, तर अजून कोण सांगणार?"

वन्संनी चपला घातल्या आणि न विचारता बरोबर निघाल्या. प्रत्येक ठिकाणी वहिनी दारातच उभं राहून एका दमात बोलून टाकत: ताप आला होता, तेव्हापासून चव कळत नाही, ते लपवलं, चहा बिघडला, चूक झाली. दातांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि आपल्या ओळखीच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. झेरॉक्सवाला म्हणाला, "वहिनी, मी तर गोडासाठीच पितो, गोड आहे तोवर माझी तक्रार नाही." चष्मेवाल्यांनी मात्र चष्मा पुसत म्हटलं, "बरा झाला की बघू." त्यांनी पुन्हा कधीच चहा मागवला नाही. वहिनींना ते फार लागलं, कारण तिथे त्या हौसेने सगळ्यात थंड बाटल्या पाठवायच्या.

नाकाच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं आणि खरं ते सांगितलं. चव येईल किंवा नाही येणार. थोडी येईल. हळूहळू येईल. कधी कधी भलतीच येते. रोज ओळखीचे वास घ्यायचे आणि वास आठवायचा, हाच व्यायाम.

"आणि चहा?" वहिनींनी विचारलं.

"चहाला काय झालं? प्या की."

बाहेर आल्यावर वन्सं म्हणाल्या, "मी चाखते."

वहिनी रस्त्यातच थांबल्या. "तुम्ही? तुम्हाला गोड आवडत नाही."

"आवडायचा काय संबंध? छापखान्यात आलेलं सगळं मला आवडायचं होय? पण चूक कळायची."

पहाटे स्वयंपाकघराचं दार उघडं राहिलं. वन्सं शालीत गुरफटून मुढ्यावर बसत आणि वहिनी चमचा पुढे करत. पहिले काही दिवस फारच वाईट गेले. वहिनी विचारत, कसं लागतंय? वन्सं म्हणत, "चुकलंय."

"काय चुकलंय?"

"ते मला काय माहीत? चुकलंय एवढं कळतंय."

"मग मी काय करू? लिंबू घालू, पाक घालू, की डोकं आपटू?"

मग हळूहळू वन्संना बोलता यायला लागलं. त्या डोळे मिटून घोट घेत. "सुरुवात बरी आहे. मध्ये पसरट होतो. शेवटी घशाशी काहीतरी खरखरतं."

वहिनींचे डोळे चमकत. "पानं जास्त वेळ राहिली. खरखर म्हणजे तेच." दुसऱ्या दिवशी त्या झाकण आधी काढत. "आता?"

"खरखर गेली. पण आता काही म्हणायचंच नाहीये त्याला. मुका झालाय."

"लिंबाची साल." आणि वहिनी साल किसायला घेत. जे स्वतःला लागत नव्हतं ते दुसरीच्या शब्दांतून त्यांना दिसायला लागलं. वन्सं 'पोकळ' म्हणाल्या की पुदिना, 'हट्टी' म्हणाल्या की पाणी जास्त तापलं होतं. त्यांची दोघींची अशी एक भाषाच झाली. दादा दाढी करता करता ऐकत आणि आरशात हसत.

पण एक भांडण व्हायचं होतं, ते झालं. वन्सं रोज पाक थोडा थोडा कमी करायला सांगत होत्या. वहिनींना गोड अंधुक का होईना कळत होतं, तरी त्या वन्संच्या जिभेवर विसंबल्या. शिवणवर्गातून निरोप आला: चहा चांगला आहे, स्वच्छ आहे, पण वहिनींचा नाही.

वहिनींनी पळी ओट्यावर ठेवली. "वन्सं, तुम्ही तुमच्यासाठी चहा करताय."

"मी जे बरोबर आहे ते सांगते."

"बरोबर तुमच्या लेखी. त्या पोरी दिवसभर मशीनवर पाय मारतात. दुपारी त्यांना पेलाभर गोड हवं असतं. कुणीतरी लाड केल्यासारखं. माझा चहा त्यासाठीच आहे. तुम्हाला तो साखरपाणी वाटला, वाटू दे. पण त्यांच्या तोंडाने चाखा."

"दुसऱ्याच्या तोंडाने कसं चाखायचं?"

"मी इतके दिवस तुमच्या तोंडाने चाखतेय ना?"

त्या दिवशी वन्सं थर्मास घेऊन शिवणवर्गात गेल्या आणि दुपारभर तिथे बसून राहिल्या. मुली कशा बसतात, कुठे थांबतात, पेला दोन्ही हातांत कसा धरतात, पहिल्या घोटाला डोळे कसे मिटतात, हे त्यांनी एखादा मजकूर वाचावा तसं बघितलं. एका मुलीने शेवटचा घोट तळाशी राखून ठेवला होता आणि काम संपल्यावर प्यायली. दुसऱ्या दिवशी पहाटे वन्संनी चमचा चाखला, तोंड कडू केलं आणि म्हणाल्या, "मला अजिबात आवडला नाही. अजून एक पळी घाल."

वहिनी त्या तापानंतर पहिल्यांदा पोट धरून हसल्या.

थंडी सरली. ऊन तापायला लागलं तशा थर्मासच्या जागी पुन्हा बाटल्या आल्या. दातांच्या दवाखान्याने आपल्या वरच्या मजल्यावरचं हिशेबनिसांचं कार्यालय जोडून दिलं. चष्म्याच्या दुकानावरून जाताना वहिनी मान वळवत नसत.

शिवणवर्गात नव्या कापडाचे तागे आले त्या दिवशी वहिनी स्वतः बाटल्या द्यायला गेल्या होत्या. टेबलावर न धुतलेलं, खळीचं कापड उलगडून ठेवलं होतं. वहिनी बाईंशी बोलता बोलता मध्येच गप्प झाल्या. मग त्या वाकल्या आणि त्यांनी आपलं तोंड सरळ त्या कापडात खुपसलं.

"वहिनी? चक्कर आली का?"

"वास," वहिनी कापडातूनच म्हणाल्या. "कोऱ्या कापडाचा. येतोय!"

मुली उठून भोवती जमल्या. कुणी रीळ आणून दिलं, कुणी मशीनच्या तेलाची बाटली, कुणी डोक्यातलं फूल. तेल आलं. फूल नाही आलं. तरी घरी येईस्तोवर वहिनी वाटेत दिसेल ते हुंगत होत्या. वन्संनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग आता मला सुट्टी?"

त्या हसत म्हणाल्या, पण शालीची घडी घालताना त्यांचे हात जरा थांबले, ते वहिनींनी बघितलं.

सुट्टी काही मिळाली नाही. वास आले ते असे अर्धवटच. खळीचं कापड, रॉकेल, ओली माती, दादांचा बाम. साखरेचा पाक काही दिवस चक्क जळक्या रबरासारखा येई आणि वहिनी नाक धरून ढवळत. दादांच्या शर्टाचा वास उन्हाळ्याच्या मध्यावर परत आला, वहिनी शर्ट हातात धरून मोरीत कितीतरी वेळ उभ्या होत्या, आणि दादा बाहेरून विचारत होते, "अगं, डाग पडलाय का?" चहाचा सुगंध मात्र आला नाही. पुदिना आला, लिंबू आलं, पण त्या पानांतलं ते हळवं, गवतासारखं काहीतरी गेलं ते गेलंच. आधी त्या वाट बघत होत्या. मग दिवसातून एकदाच आठवण काढू लागल्या, आणि मग कामाच्या गडबडीत एखादा दिवस विसरूही लागल्या.

उन्हाळा सरता सरता वन्संना जागा मिळाली. मागच्याच गल्लीत, वरच्या मजल्यावर, एक खोली आणि छोटं स्वयंपाकघर. एका प्रकाशकाचं घरबसल्या तपासायचं कामही मिळालं होतं. दादांना वाईट वाटलं. "इथे काय कमी आहे, छोटे?"

"काही कमी नाही. एक मी जास्त आहे," वन्सं म्हणाल्या. "एका ओट्याला दोन बायका फार होतात. विचार वहिनीला."

वहिनींनी तोंडदेखलंसुद्धा 'छे छे' म्हटलं नाही. तेवढा खोटेपणा आता दोघींत उरला नव्हता. त्या एवढंच म्हणाल्या, "पहाटे याल ना पण?"

"न येऊन सांगते कुणाला? तू तर पुन्हा आठवून करशील."

खोली बघायला दोघी मिळून गेल्या. मालकाने नुकताच रंग लावून दिला होता, सगळं लख्ख होतं. खिडकीतून झाडाची फांदी जवळजवळ आत आली होती. वन्संना ती फारच आवडली. त्यांनी खिडकीची मूठ तपासली, नळ सोडून बघितला, दारावरच्या पाटीतली वेलांटीची चूक मालकाला दाखवली. तेवढ्यात वहिनी कोपऱ्यातल्या भिंतीपाशी जाऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी नाक भिंतीला लावलं, मग खाली, मग आणखी खाली.

"ओल आहे इथे," त्या म्हणाल्या.

"ओल कुठली? आत्ताच रंग दिलाय, बाई," मालक म्हणाला.

"रंगाखाली आहे."

वन्संनी भिंत हुंगली. त्यांना नुसता रंगाचा वास आला. त्यांनी पुन्हा हुंगली. "मला नाही येत."

"मला येतो," वहिनी म्हणाल्या.

मालक जरा घुटमळला, मग पावसाळ्याआधी पन्हाळीची दुरुस्ती करून देतो म्हणाला. वन्संनी ट्रंक त्या भिंतीपासून लांब, खिडकीखाली ठेवायचं ठरवलं आणि पलंग कुठे लावायचा, यावरून दोघींची तिथेच जुंपली.